जयसिंगपूर वाढतेय, मग ते आकड्यांत का दिसत नाही?

सांगलीहून कोल्हापूरकडे निघाले की अंकलीजवळ कृष्णेचा पूल लागतो. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 10 ऐवजी एमएच 09 जास्त दिसू लागते. पुढे उदगाव मागे पडेपर्यंत जयसिंगपूर सुरू झालेले असते. नेमके कुठे सुरू झाले, हे मात्र सांगणे अवघड. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुचाकींची शोरूम, मंगल कार्यालये, दवाखान्यांचे फलक आणि ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या. गाव संपले आणि शहर लागले असा क्षण येतच नाही.

सांगली इथून दहा-बारा किलोमीटर, कोल्हापूर चाळीसएक. शिरोळ तालुक्यातील सर्वांत मोठे शहर जयसिंगपूर, पण तालुक्याचे ठिकाण शिरोळ. तहसीलदार शिरोळला, प्रांत कार्यालय इचलकरंजीला, पोलीस उपअधीक्षक जयसिंगपूरला, जिल्हाधिकारी कोल्हापूरला, लोकसभा मतदारसंघ हातकणंगले. आणि छातीत कळ आली तर गाडी वळते मिरजेकडे, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यात. कागदावर कोल्हापूरचे आणि रोजच्या जगण्यात सांगलीचे, अशी या शहराची अवस्था आहे. पुढचे बरेच प्रश्न इथूनच निघतात.

आता आकडे पाहा. 2001 च्या जनगणनेत जयसिंगपूरची लोकसंख्या सुमारे 43 हजार होती. 2011 मध्ये ती पन्नास हजारांच्या आसपास पोहोचली. दहा वर्षांत वाढ साधारण सात हजारांची. झपाट्याने वाढणारे शहर म्हणावे असे यात काही नाही. पण जनगणना मोजते ती नगरपरिषदेच्या हद्दीतील माणसे, आणि शहर वाढतेय ते हद्दीच्या बाहेर. चिपरी, संभाजीपूर, उदगाव, धरणगुत्ती या गावांच्या शिवारात नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तिथे राहणारा माणूस पत्ता सांगताना ‘जयसिंगपूर’ सांगतो, मुलांना जयसिंगपूरच्या शाळेत घालतो, बाजार जयसिंगपुरात करतो. घरफाळा मात्र ग्रामपंचायतीत भरतो. सरकारदरबारी तो खेड्यात राहतो.

माळावर आखलेले शहर

ही गोष्ट जयसिंगपूरबाबत जास्त खटकते, कारण हे शहर आपोआप वाढलेले नाही. ते आधी आखले गेले, मग वसले. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये या पेठेची स्थापना केली आणि तिला आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. व्यापारी पेठ वसवण्याचा अनुभव महाराजांना होताच. 1895 मध्ये कोल्हापुरात त्यांनी शाहूपुरी वसवली होती आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 पासून धावत होती. शिरोळ भागात शेतमाल पिकत होता, पण त्याची मोठी उलाढाल संस्थानाबाहेर सांगली-मिरजेच्या बाजारात होई. संस्थानाच्या पूर्व टोकाला, रेल्वेच्या कडेला, स्वतःची पेठ उभी करण्यात व्यवहार होता.

जागेची निवडही पाहण्यासारखी आहे. कृष्णाकाठची जुनी गावे मळीच्या जमिनीला धरून वसलेली. पाणी जवळ, माती काळी, पीक भरघोस. आणि पावसाळ्यात पुराची टांगती तलवार. जयसिंगपूर मात्र नदीपासून हटून उंचावर, माळाच्या जागी वसवले गेले.

जुन्या पेठेत आजही गल्ल्यांना क्रमांक आहेत. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, आठवी गल्ली. बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटेल. कुरुंदवाडच्या किंवा मिरजेच्या जुन्या बोळांत पत्ता शोधून दमलेल्याला त्याची किंमत कळते. गल्ल्या सरळ, एकमेकींना समांतर आणि काटकोनात छेदणाऱ्या. एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक दिसते. बैलगाड्यांच्या जमान्यात एवढे रुंद रस्ते सोडताना कुणीतरी नक्कीच नाक मुरडले असेल. आज त्याच रस्त्यांवर ट्रक उभे राहून माल उतरवतात आणि बाजूने दुचाकी निघून जाते. तंबाखू, गूळ, मिरची, शेंगा या व्यापारावर पेठ उभी राहिली. पुढे महाविद्यालये आली, 1992 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले, औद्योगिक वसाहत आली. चिपरीच्या अंगाला मोठे उद्योगसमूह वाढले. स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद दरवर्षी इथल्याच विक्रमसिंह मैदानावर भरते आणि त्या हंगामात उसाला काय दर मागायचा, याकडे साऱ्या पश्चिम महाराष्ट्राचे लक्ष असते.

थोडक्यात, 1917 मध्ये आधी रस्ते आखले आणि मग माणसांना बोलावले. आजची नवी वसाहत नेमकी उलट्या क्रमाने उभी राहते.

पुराने वाढवलेली मागणी

जयसिंगपूरला माणसे का येतात, याची नेहमीची उत्तरे सगळ्यांना माहीत आहेत. शाळा, दवाखाने, रेल्वे, सांगलीच्या तुलनेत परवडणारी घरे. पण आणखी एक कारण आहे आणि ते मोजपट्टीवर दिसते.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि 2005 च्या पुराचा विक्रम मोडला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम नृसिंहवाडीला, म्हणजे शिरोळ तालुक्याच्या मधोमध. दोन नद्यांचे पाणी एकाच वेळी चढले की तालुक्यातील नदीकाठच्या गावांना जायला जागा उरत नाही. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ आणि आसपासच्या गावांतून माणसे, जनावरे, ट्रॅक्टर भरून संसार बाहेर काढावा लागला. आणि या सगळ्यांनी धाव घेतली त्या ठिकाणांत जयसिंगपूर होते, कारण शहराचा बहुतेक भाग कोरडा होता. शंभर वर्षांपूर्वी निवडलेला माळ कामाला आला.

त्यानंतर ‘जयसिंगपूरला दोन गुंठे घेऊन ठेवावेत’ हा विचार तालुक्यातील बागायतदाराच्या घरात सहज बोलला जाऊ लागला. मळीची जमीन कुणी विकत नाही. ती ऊस देते. पण मुलांच्या शिक्षणासाठी आणि पावसाळ्यात आई-वडिलांना हलवण्यासाठी उंचावर एक घर हवे. सांगलीच्या पूरपट्ट्यातील कुटुंबांचा हिशेबही फारसा वेगळा नाही. वर्षातून दहा महिने रिकामे राहणारे घरसुद्धा या हिशेबात बसते.

अर्थात उंचावरच्या शहराला पूर चुकतो, पुराचा त्रास चुकत नाही. महापुरात अंकलीजवळ रस्ता बंद झाला की सांगली तुटते. पलीकडे कोल्हापूरच्या बाजूला पंचगंगा पसरते. मग जयसिंगपूर म्हणजे एक बेट, आणि त्या बेटावर शहराबरोबर अर्धा तालुका. अशा वेळी शहराला धान्याची गोदामे, पाण्याचे टँकर, चारा उतरवायला मोकळ्या जागा आणि रुग्णवाहिका वळेल असे रस्ते लागतात. नव्या वसाहतींत नेमके हेच सापडत नाही.

एका गुंठ्याचे गणित

का सापडत नाही, हे समजायला राजकारण नको, साधी त्रैराशिके पुरतात. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. एका एकरात 40 गुंठे. शेतजमिनीचा मालक किंवा त्याच्याकडून जमीन घेणारा मध्यस्थ एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो आणि मध्ये पंधरा फुटांची वाट सोडतो. ही वाट तीस फुटांची करायची म्हटली, तर समोरासमोरच्या दोन्ही प्लॉटनी प्रत्येकी साडेसात फूट द्यायचे. साडेसात गुणिले 33, म्हणजे साधारण 247 चौरस फूट. एका गुंठ्याचा जवळपास पाव हिस्सा रस्त्यात गेला. आजच्या भावात ती रक्कम कोणताही विकणारा आपणहून सोडणार नाही. घेणाऱ्याची ऐपतही बेताची असते. त्याला स्वस्त प्लॉट हवा असतो, रुंद रस्ता नव्हे. दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणातून तयार होतो एक बोळ, ज्यात पुढे अग्निशमन दलाचा बंब शिरेल पण वळणार नाही.

रीतसर बिगरशेती परवाना आणि मंजूर रेखांकन असेल तर रस्ते आणि खुली जागा सोडाव्याच लागतात. जयसिंगपूरभोवती असे चांगले लेआउटही आहेत. पण असा प्लॉट महाग पडतो. गुंठेवारी हा त्यावरचा पश्चिम महाराष्ट्राचा जुना तोडगा. आधी घर बांधायचे, मग सरकारने नियमित करायचे. 2001 मध्ये राज्याने गुंठेवारीसाठी कायदा केला, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती करून डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली, त्यांना उघड्यावर काढता येत नाही, म्हणून हे कायदे झाले आणि ते योग्यच होते. पण प्रत्येक मुदतवाढ पुढच्या प्लॉटवाल्याला सांगून जाते की थांब, तुझीही वेळ येईल.

याचा परिणाम पाहायला लांब जावे लागत नाही. सांगलीचे शामरावनगर पुलापलीकडेच आहे. सखल भाग, गुंठेवारीतून उभी राहिलेली घरे, पाण्याचा निचरा नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, दरवर्षी त्याची बातमी होते. घरे उभी राहिल्यानंतर गटार टाकायचे म्हणजे प्रत्येक चढ-उतार नव्याने मोजायचा, कुणाचा तरी कठडा फोडायचा, कुणाचा तरी उंबरा पाण्याखाली घालवायचा. सुरुवातीला चुना मारून आखलेली ओळ फुकटात पडते. वीस वर्षांनी तीच ओळ आखायला कोटी लागतात.

सांडपाण्याचा मुद्दा तर आणखी गंभीर. ग्रामपंचायतीच्या हद्दीत भुयारी गटार नाही, म्हणून प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. खेड्यात घरे विरळ असतात तोवर हे चालते. पण काळी माती पाणी शोषत नाही. पावसाळ्यात तर अजिबात नाही. एकाच एकरात चाळीस घरांचे सांडपाणी जिरवायचे म्हटले तर ते जिरणार नाही, ते ओढ्याला लागणार आणि ओढा नदीला. याच तालुक्यातील गावे त्याच नद्यांतून पिण्याचे पाणी उचलतात. शेजारच्या इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची साथ आली, माणसे दगावली. त्यानंतर पंचगंगेच्या प्रदूषणावर जेवढे बोलले गेले, त्याच्या निम्मेही ओढ्यांच्या तोंडाशी काम झाले असते तर बरे झाले असते.

हद्दवाढ का अडते?

सोपे उत्तर असे की ही गावे जयसिंगपूर नगरपरिषदेत घ्यावीत. नगरपरिषद आज ‘ब’ वर्गात आहे. त्यासाठी लोकसंख्या 40 हजार ते एक लाख लागते. गावे आली तर लोकसंख्या वाढेल, निधी वाढेल, एकच विकास आराखडा होईल. ऐकायला पटते. पण गावांच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते.

ग्रामपंचायत म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे सरकार. सरपंच ओळखीचा, घरफाळा कमी, दाखला त्याच दिवशी. नगरपरिषदेत गेल्यावर कर वाढणार हे नक्की; पाणी आणि गटार येणार का, हे अनिश्चित. शेतकऱ्याला भीती असते ती आरक्षणाची. आपल्या शेतावर बगिचा किंवा शाळेचे आरक्षण पडले की जमीन वर्षानुवर्षे अडकते. आणि गावच्या कारभाऱ्यांची सत्ता जाते, हे कुणी बोलत नसले तरी सगळ्यांना कळते. या भीतीला खोटे म्हणता येत नाही. पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये महापालिकेत गेली. कर आला, सुविधा मनासारख्या आल्या नाहीत. शेवटी गावे बाहेर काढून 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली.

कोल्हापूर शहराची कहाणी दुसऱ्या टोकाची. महापालिका 1972 ची. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात आंदोलन, विषय मागे पडला की गावांत जल्लोष. दशकानुदशके हाच खेळ. त्यावर मध्यममार्ग म्हणून 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. कल्पना वाईट नव्हती, पण प्राधिकरणाला पुरेसे मनुष्यबळ आणि पैसा मिळाला नाही. बांधकाम परवान्यासाठी खेटे घालायला आणखी एक कार्यालय वाढले, अशी गावकऱ्यांची भावना झाली. शिरोळ हे स्वतः 2018 मध्ये नगरपरिषद झाले आणि कुरुंदवाड तर संस्थानकाळापासूनचे गाव, तिथेही नगरपरिषद. म्हणजे एका तालुक्यात तीन नगरपरिषदा, आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात वाढणारे चौथे शहर कुणाचेच नाही.

त्यात सांगली दुसऱ्या जिल्ह्यात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्रात 2011 मध्येच पाच लाख माणसे होती. तिथल्या पूरग्रस्त वस्तीचा दाब अंकलीच्या पुलावरून इकडे येतो, पण दोन्ही जिल्ह्यांचे नियोजन वेगवेगळ्या सभागृहांत होते. रस्त्याचेही तसेच. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा चोकाक ते अंकली हा टप्पा भूसंपादनाच्या मोबदल्यावरून रखडला. शेतकरी चौपट मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. भराव टाकून रस्ता उंच केला तर पुराचे पाणी अडेल, ही त्यांची दुसरी शंका. महापूर पाहिलेल्या माणसांची ही शंका आहे. तिला पुलाच्या आणि मोऱ्यांच्या आकड्यांत उत्तर द्यायला हवे, ‘विकासाला विरोध’ असा शिक्का मारून नव्हे.

आधी ओळ, मग हद्द

यातून निघणारा मार्ग असा की हद्दीचे भांडण बाजूला ठेवून रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या ओळी आधी आखाव्यात. हद्द कुणाची, कर कुणाचा, सदस्य किती, हे प्रश्न पाच वर्षांनी सुटले तरी चालतील. पण चिपरीच्या शिवारात आज बांधलेले घर पाच वर्षांनी हलणार नाही. रस्ता नगरपरिषदेने केला की ग्रामपंचायतीने, याने त्याच्या रुंदीत फरक पडत नाही.

हे करायला नवा कायदा लागत नाही. नगररचना कायदा 1966 पासून आहे आणि ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजनेची तरतूद त्यातच आहे. चार-पाच गावे आणि शहर यांचा एकच रस्त्यांचा नकाशा होऊ शकतो. जुन्या पेठेच्या गल्ल्या जिथे संपतात तिथून त्या पुढे किती सरळ नेता येतील, ओढ्याच्या दोन्ही काठांना किती पट्टा मोकळा ठेवायचा, पूररेषेच्या आत काय होऊ द्यायचे नाही, एवढे तीन मुद्दे त्यात आले तरी पुष्कळ. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. 2005, 2019 आणि 2021 असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या तालुक्यात या रेषा पुन्हा तपासाव्या लागतील, हे वेगळे सांगायला नको.

रस्त्यात ज्याची जमीन जाईल त्याला मोबदला किंवा विकास हक्क मिळायला हवा, आणि तो जागेवर मिळायला हवा. चौपट मोबदल्यासाठी लढणाऱ्या तालुक्यात ‘पुढे बघू’ चालणार नाही. गावांना कराची हमीही लेखी द्यावी लागेल. जोवर नळ आणि गटार नाही, तोवर वाढीव कर नाही. फुरसुंगीत जे बिनसले ते इथे टाळता येते.

दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेल्या राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. प्रचारात रस्ते, पाणी, व्यापारी संकुल हे सगळे आले. हद्दीबाहेरच्या वसाहतींतील माणसांना त्यात मतच नव्हते. शहर वापरणारे पण शहराचे मतदार नसलेले, म्हणून त्यांच्यासाठी कुणी बोलायचे कारणही नव्हते.

दरम्यान जनगणनेचे काम सुरू होत आहे. 2026 मध्ये घरयादी, आणि 1 मार्च 2027 हा गणनेचा संदर्भ दिवस. त्यासाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवण्यात आल्या. एखाद्या गावाची लोकसंख्या 5 हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला 400 च्या वर आणि 75 टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर असतील, तर जनगणना त्याला ‘गणना नगर’ म्हणू शकते. पण त्या शिक्क्याने गावाला मुख्याधिकारी मिळत नाही, नगररचनाकार मिळत नाही, गटारही मिळत नाही. जयसिंगपूरच्या पाटीखाली राहणारी हजारो माणसे पुन्हा चिपरी, उदगाव, धरणगुत्ती, संभाजीपूरच्या रकान्यांत मोजली जातील, आणि पुढची दहा वर्षे शहराला मिळणारा निधी त्याच रकान्यांवर ठरेल.